शेवटची खुर्ची

डोळे उघडे

आई स्वयंपाकघरातून बाहेर येत नव्हती.

चर्चमधून परतून पाऊण तास झाला होता. भात झाला होता, भाजी झाली होती, ताटं पुसून टेबलावर आली होती. तरी आतून भांडी सरकवल्याचा आवाज येत होता. ती भांडी उगाच सरकताहेत, हे बाहेरच्या तिघांनाही कळत होतं.

"शेवटची खुर्ची धरतेय ती," आत्या म्हणाली.

"रिकामीच तर आहे," बाबा म्हणाले.

"म्हणूनच."

आजोबा पाळक होते. ते जाऊन एकोणीस वर्षं झाली, पण त्यांनी घालून दिलेली प्रार्थनेची रीत या घरातून गेली नव्हती. खिडकीकडच्या खुर्चीपासून सुरुवात. प्रत्येकाने आपापली प्रार्थना मोठ्याने म्हणायची. सगळ्यांचे डोळे मिटलेले. दुसऱ्याच्या प्रार्थनेत मध्ये बोलायचं नाही. आणि आमेन झालं की तिथे जे बोललं गेलं त्यावर वाद नाही, कारण ते तुम्हाला म्हटलेलंच नव्हतं, देवाला म्हटलेलं होतं.

आजोबांना वाटलं होतं, याने घरातली भांडणं संपतील. भांडणं डोळे मिटून होऊ लागली.

हे प्रभो, ज्यांना दुसऱ्याच्या भाजीत मीठ कमी वाटतं त्यांना तू नम्रता दे.

हे प्रभो, ज्यांच्या हातून मीठ सुटत नाही त्यांना तू मोठं मन दे.

अशी ही रीत. यात एकच जागा मोक्याची. जो शेवटी बोलतो त्याला उत्तर द्यायला कोणी उरत नाही.

मामा टीव्हीमागे वाकून वायर खोचत होता. तो नाटकाच्या थिएटरात दिवे सांभाळतो. सुट्टीच्या दिवशीही त्याच्या खिशात टेस्टर असतो. "अक्का," त्याने आतल्या दिशेने हाक मारली, "चित्र आलं की तुला बोलावतो. तोवर तू तो तवा आणखी एकदा घास."

आतला आवाज क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला.


डोळे उघडे, तिकडे

साडेनऊ. दहाला उपासना. चाळीस खुर्च्या, पाच जातींच्या. त्यांतल्या तीन डुगडुगतात, त्या मागच्या ओळीत, नाही, मागच्या ओळीत नकोच, नवी माणसं मागेच बसतात. त्या पुढे. पुढे आपली माणसं डुगडुगतील.

भिंगरी धावत होती. घरात तिला कोणी खऱ्या नावाने हाक मारली तर ती वळून बघायची नाही, इतकं हे नाव अंगाला चिकटलेलं. चोवीस वर्षांची, मिशनरी म्हणून परदेशात येऊन अकरा महिने झालेली. हॉल म्हणजे पूर्वीचं फर्निचरचं दुकान. भिंतीवर अजून कपाटांच्या आकाराचे फिकट चौकोन होते आणि लहान मुलांच्या वर्गाला त्यांतच चित्रं लावायची सोय झाली होती.

आठवडा असा गेला होता:

सोमवारी भाषेचा वर्ग. शिकवणारी बाई पूर्वी पोस्टात होती. चूक झाली की शिक्का मारल्यासारखी टेबलावर मूठ हाणते. या सोमवारी नऊ शिक्के. पहिल्या महिन्यात मोजणंच सोडून दिलं होतं.

मंगळवारी दारं. एक इमारत, चोवीस दारं. सात उघडली. दोघं म्हणाले, पुन्हा या. त्यांतल्या एकाला तसं खरंच वाटत होतं.

बुधवारी दुरुस्तीचं टेबल. ही कल्पना तिचीच. दारावर पाटी: फाटलेले कपडे आणा, बसा, शिवून देते. दारात उभं राहून कोणी देवाबद्दल बोलत नाही. पण पँटची चेन बदलेपर्यंत माणसाला बसावं लागतं, आणि बसलेला माणूस बोलतो. बहुतेक गुडघ्यांबद्दल. कधी तरी अचानक गेलेल्या भावाबद्दल. कोपऱ्यावरचा बेकरीवाला दर बुधवारी एक ॲप्रन घेऊन येतो आणि आधीच बजावतो, "रविवारी येणार नाही हं मी." गेल्या बुधवारी त्याने आणलेला ॲप्रन कुठेच फाटलेला नव्हता. तिने तरी एक टाका घातला.

गुरुवार, शुक्रवार कुठे गेले, देव जाणे.

आणि आज बारापर्यंत मिशनच्या कचेरीला उत्तर द्यायचं होतं. वर्ष पुढच्या महिन्यात संपतं. परत जातेस, की आणखी तीन वर्षं राहतेस?

तिला राहायचं होतं. पोटात चेंडू उडावा तसं राहायचं होतं.

"मग हो म्हणून टाक," खोलीतली जोडीदार कालच म्हणाली होती. घरी सगळे तिला उंच म्हणायचे, कारण ती पडद्यावर कधीच पूर्ण मावायची नाही. "चोवीस वर्षांची आहेस. तुला कोण अडवतंय?"

अडवत कोणीच नव्हतं. पण गेल्या वर्षी निघताना घरात प्रार्थना झाली तेव्हा आमेन तिघांचंच आलं होतं. बाबांचं, आत्याचं, मामाचं. आईचं आलं नव्हतं. आईने डब्यात खाऊ भरून दिला होता, स्वेटर दिला होता, पोटाशी धरलं होतं. आमेन दिलं नव्हतं. अकरा महिने भिंगरी त्या एका शब्दाविना वावरत होती, पायातल्या चपलेचा अंगठा तुटलेला असावा तशी. चालता येतं, पण दर पावलाला आठवण होते.

या वेळी ते मिळालं तर राहायचं. नाही मिळालं तर परत. घरी तिने हे पत्रात स्पष्ट लिहिलं होतं.

तिने फोन खिडकीत गीतपुस्तकांच्या चळतीला टेकवला आणि घरी लावला.


डोळे उघडे

टीव्हीवर आधी छत दिसलं, मग एक नाक, मग भिंगरी.

"सगळे आहात? आई कुठंय?"

"मोर्चेबांधणी चालू आहे," मामा म्हणाला.

"बाळ, किती वाळलीस," आत्या म्हणाली.

"आत्या, कॅमेरा उभा आहे, त्याने वाळल्यासारखी दिसते. बरं, ऐका, माझ्याकडे पंचवीस मिनिटं आहेत, आज पंचवीस माणसं येतील असं वाटतंय, गेल्या रविवारी एकोणीस होती, आणि तो पोस्टातल्या बाईंचा नवरा..."

"श्वास घे," बाबा म्हणाले.

"घेतला. तो आपणहून खुर्च्या लावायला आला, बाबा. कोणी सांगितलं नव्हतं. लावल्या आणि न बोलता निघून गेला."

बाबांचं चष्म्याचं दुकान. आयुष्यभर गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे काचा बदलत विचारत आले: हे स्पष्ट, की हे? स्वतःचं मत द्यायची त्यांना सवयच नव्हती. मुलीच्या तोंडावरचं तेज त्यांनी पाहिलं आणि वाटलं, राहू दे. आतून तव्याचा आवाज आला आणि वाटलं, येऊ दे.

राहण्याबद्दल आत्याने एक शब्दही काढला नाही, हे भिंगरीला खटकलं. वर्षभर आत्या हीच तिची फौज होती. निवृत्त मुख्याध्यापिका, भावजयीला तोंडावर सांगायची, "अगं, तू पोरीला पदराला गाठ मारून ठेवशील." बाविसाव्या वर्षी आत्याला स्वतःलाच असं बोलावणं आलं होतं. तेव्हा शेवटच्या खुर्चीत आजोबा होते. ते म्हणाले होते, हे प्रभो, हिच्या आईला हिची गरज आहे, आमेन. संपलं. आत्या शाळेत गेली आणि अडतीस वर्षं इतरांच्या मुलांची प्रगतिपुस्तकं भरत राहिली.

तेव्हा ती तरी भिंगरीच्या बाजूने असणारच. असं सगळे धरून चालले होते.

आई आली. हात पुसत, घाई नसल्यासारखी, थेट शेवटच्या खुर्चीकडे. ती शिवणाचा वर्ग घ्यायची; हातात तिथल्या मापं आखायच्या कागदाचा तुकडा होता. त्यावर पेन्सिलीने तीन ओळी. लग्न. वर्ग पुढे कोण चालवणार. थंडी.

"आई," टीव्ही म्हणाला.

"जेवलीस?"

"इथे सकाळ आहे गं."

"म्हणजे नाही."

"अक्का, सुरू करू का?" मामाने विचारलं. काल फोनवर त्याने तिला शब्द दिला होता, अक्का, मी तुझ्या बाजूने. आई त्याच्याकडे बघून किंचित हसली. एक मत तर पक्कं होतं.

"करा," ती म्हणाली आणि डोळे मिटले.


डोळे मिटलेले

मामा:

प्रभो, मी दिवेवाला. मला एकच कळतं. जो स्टेजवर उभा आहे त्याच्यावर उजेड टाकायचा. आपल्या नातेवाइकांवर टाकायचा नाही, ते विंगेत असले तरी. पोरगी स्टेजवर आहे. तेवढंच. आणि अन्न गार होतंय, तेही तुला दिसतंयच. आमेन.

(आई, मिटल्या डोळ्यांनी: सख्खा भाऊ. चोवीस तास नाही टिकला.)

बाबा:

हे परमेश्वरा, एक काच लावली की ही माझी लेक तिथे खूश दिसते. दुसरी लावली की तिची आई दुपारी तिच्या खोलीत नुसती चादर बदलताना दिसते, कोणी झोपत नसलेल्या पलंगाची. दोन्ही काचांतून स्पष्टच दिसतं, प्रभो. माझ्या धंद्यात असं होत नाही. तेव्हा तुझी इच्छा. आमेन.

(आई: चादरीचं यांना कसं कळलं?)

तिकडे दार करकरलं. भिंगरीचे डोळे मिटलेले. पावलं, दोन माणसांची. एक खुर्ची डुगडुगली. म्हणजे पुढे बसले, नवीन नाहीत. पुन्हा दार. काठीचा आवाज. ही मंगळवारच्या इमारतीतली आजी असेल का? तिसऱ्या मजल्यावरून एकटी उतरली? डोळे उघडावेसे वाटत होते, पण घरी पाच हजार मैलांवरूनही आत्याला कळलं असतं.

आत्या:

परमेश्वर पित्या, वर्षभर मी या मुलीसाठी भांडले, तू साक्षी आहेस. एक वर्ष मला कळत होतं. एक वर्ष म्हणजे शाळेचं वर्ष, जून आला की मुलं परत येतात. तीन वर्षं मला कळत नाहीत. मी एकाहत्तरची. तीन वर्षांनी ही दारात उभी राहील तेव्हा दार उघडायला मी असेन की भिंतीवर तसबिरीत असेन, ते तूच जाणतोस. मी माझ्यासाठी मागत नाही. (आत्या असं म्हणाली की ती स्वतःसाठीच मागते, हे या घराच्या भिंतींनाही ठाऊक होतं.) पण म्हाताऱ्या माणसांचा विचार तू तिच्या मनात घाल. आमेन.

कोणीतरी नाक ओढलं. बहुतेक बाबा.

टीव्हीतून खुर्च्या सरकल्याचे आवाज आले. मग भिंगरी, हळू, कारण आता हॉलमध्ये माणसं होती:

प्रभो, थोडक्यात सांगते, दार सारखं वाजतंय. मला इथे राहायचंय. आत्याचं ऐकलं, तरी राहायचंय. आईचं आमेन दे. नाही दिलंस तर मी परत येते, रागावून नाही, फुगून नाही, येते. पण दे.

आणि मग, स्वतःशीच बोलावं तसं:

ताज्या पावाचा वास येतोय. प्रभो, तो आलाय. मी डोळे उघडत नाही, पण तो आलाय. आमेन.


अजून मिटलेले

आता आई. समोर मैदान मोकळं. उत्तर द्यायला कोणी नाही. मामा फितूर झाला होता, पण त्याबदल्यात आयती नणंद येऊन मिळाली होती. तीन ओळी म्हणायच्या होत्या. कागद पाहायचीही गरज नव्हती.

पण आईच्या कानात आत्याची तसबीर घुमत होती. वर्षभर आईची स्वतःची पाठ दुखत होती. डॉक्टरने पट्टा दिला होता. तिने तो कॉलच्या आधी दर वेळी काढून ठेवला. पोरीला दुखणं दाखवून बोलवायचं नाही, हे तिने ठरवलं होतं. आणि या ताईंनी, ज्यांना स्वतःला असंच कुणाच्या तरी गरजेचं नाव सांगून अडवलं, त्यांनी तेच हत्यार काढावं?

नणंद पूर्वेला निघाली की भावजयीचे पाय आपोआप पश्चिमेला वळतात.

आई:

हे प्रभो, ज्यांची वयं झाली त्यांना तू ठणठणीत ठेव. पण त्यांची वयं पोरीच्या खांद्यावर ठेवू नको. पोर म्हणजे खुंटी नाही, येता जाता काहीही टांगायला.

(आत्याची खुर्ची वाजली.)

मला वेगळंच सांगायचंय. मला थंडीचं सांगायचंय. हिला थंडी सोसत नाही, तू बघतोस. मागच्या हिवाळ्यात लोकांनी कोट आणले, सगळे एकदम, पहिला गारठा पडल्यावर. अकरा कोट. अस्तरं फाटलेली. ही गार हॉलमध्ये बसून अस्तरं लावत होती, बोटं सुजली, मला सांगितलं नाही, मला पडद्यावर दिसली. असं चालणार नाही, प्रभो. थंडीत अस्तर लावायचं नसतं. लोकांना तू बुद्धी दे, कोट उन्हाळ्यातच आणा म्हणावं. तिने पाटी लावावी. आणि अस्तराचं कापड आधी भिजवून आटवून घ्यावं, ती आटवत नाही, लहानपणापासून घाई. नंतर धुतल्यावर कोट ओढला जातो आणि लोक म्हणतात बाई शिकलेली नाही. माझ्या हाताखाली शिकलीय ती. तिला तू पायाचं मशीन मिळवून दे, हाताने किती शिवेल. आणि तिकडचीच एखादी बाई तिच्याजवळ बसव. बटणांपासून सुरुवात करू दे. पहिलं वर्ष बटणं, चेन, दुमड. दुसऱ्या वर्षी अस्तरं. मी वर्गात पाहिलंय, दोन वर्षांत हात बसतो, त्याआधी कात्री द्यायची नाही. मग तिसऱ्या वर्षी ती बाई एकटी टेबल सांभाळेल आणि ही...

आई थांबली.

टेबलाभोवती एकेक करून डोळे उघडले. आधी मामाचे. मग बाबांचे. मग, एकोणीस वर्षांत पहिल्यांदा, आत्याचे. फक्त आईचे मिटलेले होते आणि पडद्यावर भिंगरीचे, गच्च, लिंबू चावल्यासारखे.

म्हणजे, आई म्हणाली. मला म्हणायचं होतं...

पण प्रार्थनेत 'म्हणजे' नसतं. हेही आजोबांचंच. देवाला एकदा सांगितलं की त्याला कळतं, खुलासा नको.

स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता. कागदाचा तुकडा आईच्या मुठीत गोळा झाला. तिच्या ओठांशी एक वाक्य आलं, परत गेलं. दुसरं आलं, तेही परत गेलं.

आमेन, ती म्हणाली.


डोळे उघडे

मग आत्या, मुख्याध्यापिकेच्या आवाजात:

"तू तीन वर्षं मागून घेतलीस."

"ऐकलं मी. माझंच तोंड होतं."

"चुकून गेलं असेल तर..."

"ताई, कापड कापलं. आता ते अखंड होतं असं म्हणून काय उपयोग." आईने कागदाचा गोळा टेबलावर ठेवला, बाबांनी तो हळूच आपल्याकडे ओढून घेतला. "आणि तुम्ही. दार उघडायला असायचं. तीन वर्षं. मी सांगून ठेवतेय."

"हे काय माझ्या हातात आहे?"

"डोळ्याचं ऑपरेशन आहे. वर्षभर टाळताय. यांच्या दुकानाशेजारीच तर डॉक्टर बसतो."

"मी तेच म्हणतोय गेले सहा महिने," बाबा म्हणाले.

"तुम्ही म्हणता की विचारता?" मामा म्हणाला.

आत्या हसायला लागली. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज आला, मग तिने चष्मा काढून पदराने डोळे पुसले, आणि ते पाणी हसण्याचं होतं की कसलं, हे कोणी तपासलं नाही. बाविसाव्या वर्षी तिच्या आईने शेवटच्या खुर्चीत बसून असं घसरायला हवं होतं. तिच्या आईला ती खुर्ची कधी मिळालीच नव्हती. "अगं," ती भावजयीला म्हणाली, "कात्री दुसऱ्या वर्षी का देत नाहीस? माझ्या शाळेत मुलं चौथीत कापायची."

"कागद. कागद कापायची ती."

"आई," टीव्ही म्हणाला. "आई, आटवते मी. यापुढे आटवून घेते."

"गरम पाण्यात. नुसतं भिजवून नाही."

"गरम पाण्यात."

"आणि रडू नको, लोक बसलेत तुझ्या मागे."

भिंगरी वळली. बत्तीस जण होते. जोडीदार, ती उंच, की-बोर्डमागून दोन्ही हात वर करून काय झालं म्हणून खुणेने विचारत होती. आजी दुसऱ्या ओळीत, काठी मांडीवर आडवी. बेकरीवाला दाराशेजारी अगदी कोपऱ्यात, कागदी पिशवी पोटाशी धरून, केव्हाही पळता येईल असा. तिने उंचकडे पाहून मान हलवली, एकदा नाही, चार-पाच वेळा, आणि उंचने की-बोर्डवर एकदम दोन्ही हात टाकले. सूर चुकीचा होता. कोणाला काही वाटलं नाही.

"दहा वाजले. जाते. कचेरीला नंतर फोन करते. आई, मी..."

"जा."

ती पळाली. फोन बंद करायचा राहून गेला.

टीव्हीवर आता तिरपा हॉल दिसत होता. भिंतीवरचे फिकट चौकोन, त्यांत मुलांची चित्रं, माणसांच्या पाठी. भिंगरी पुढे उभी राहून काहीतरी बोलत होती. भाषा इथे कोणालाच येत नव्हती. मध्येच ती अडली, पहिल्या ओळीतल्या एका बाईने गुडघ्यावर मूठ मारली, सगळे हसले, ती पुन्हा बोलू लागली. हात असे फिरत होते की बाबांना वाटलं, ही लहानपणी अशीच पोहायला शिकली होती, पाण्यात पडायच्या आधी.

"बंद करू?" मामाने रिमोट उचलला.

आई पडद्याकडेच बघत होती. त्याने तो ठेवून दिला.

सूर सुरू झाला. तिकडे सगळे उठून उभे राहिले, आजीसुद्धा, काठी टेकत. कोपऱ्यातला माणूस इकडेतिकडे बघत सगळ्यांत शेवटी उठला.

इकडे आई उभी राहिली. मग आत्या, टेबलाला धरून. मग बाबा.

"अक्का," मामा बसूनच म्हणाला, "जेवायचं कधी?"

"ते बसले की," आई म्हणाली. "ऊठ."